सरूबाईला समुद्रावर न्यायचं

आन वर मलाच इचारत्यात, "ह्या वयात तुला समुद्राचं काय पडलंय?" आता तुमीच सांगा, समुद्राला वयाची अट असती का? छप्पन्न वर्षांची झाले म्हणून काय जलमभर धरणाकडंच बघत बसू? तुमाला सांगते, आमच्या येडगावात धरणाचं पाणी दारातनं दिसतं, पण ते गरीब पाणी... लाट न्हाई, आवाज न्हाई. मी मालकांना एवढंच म्हणाले, "कांदा निघाला की मी आन सरूबाई जीप घेऊन कोकणात समुद्रावर जाणार." तर मालक बशीतला चहा फुंकत म्हणालं, "कुणाला इचारून?" म्हणलं, मी इचारलं न्हाई, मी सांगितलं.

सरूबाई म्हंजी मेंढरंवाली. तीस वर्षं, दिवाळी झाली की तिची मेंढरं खताला आमच्या रानात बसायची, आन मग ती कोकणात उतरायची, पायी. माघारी आली की मला समुद्र सांगायची. "निर्मला, डांबर संपतं, पुढं नुसती वाळू, आन वाळू संपली की आभाळ खाली सांडल्यागत पाणी. तुला एकदा नेईन." आता मेंढरं इकली, ती शिनोलीला लेकीकडं असती, आन साखरंनं डोळं चाललेत. डॉक्टर म्हणालं, वरीसभर दिसंल, पुढचं सांगत न्हाई. मग कशाची वाट बघायची? तिला न्यायला जमत न्हाई तर मी नेते. मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं जीप माझ्याच हातात हाय, भर चिखलातनं कांदा मीच भाईर काढते, चारी चाकं वढत्यात तिची!

सरूबाईला घरी आणली, सून प्रतिभा मोबाईल घेऊन बसली. "मावशी, गावाचं नाव काय?" सरूबाई म्हणती, "नाव कशाला? मेंढरांनी कधी इचारलं न्हाई." झालं का... मोबाईल सांगतो कोकणात कुठंबी जा, आठ तास, सरूबाई सांगती चौदा मुक्काम. पहिल्या मुक्कामाला वढ्याला पाणी, तिसऱ्याला इंचू लई, सातव्याला पाटील चांगला पण कुत्री वाईट... आमी कुत्र्यांसकट सगळं वहीत लिवलं. पण शेवटचा मुक्काम काय घावंना. मोबाईल दावला तर तिला दिसंना. मग प्रतिभा एक-एक किनारा वाचून सांगाया लागली, "इथं खाडीला दोन फाटं फुटलेत, टेकाडावर देऊळ हाय, खाली रस्ता तुटलाय..." सरूबाईनं तिचा हात धरला, म्हणाली, "पोरी, हलू नगं. तिथंच थांब."

तेवढ्यात आमचा भरत आला, आमचा ल्योक. "आई, त्यापेक्षा रिसॉर्टला जाऊ, स्विमिंग पूल असतो." म्हंजी समुद्रावर जायाचं आन टाकीत बसायचं? मी इचारलं न्हाई बाबा, मी सांगितलं. तर म्हणतो, "आन वाळूत गाडी रुतली तर?"

आता खोटं कशाला बोलू, वाळूत जीप मी कधी घातलीच नव्हती.

म्हणून धरणाचं पाणी मागं सरलं व्हतं तिथं सराव करायला गेले, सरूबाई शेजारी. शंभर फूट गेलो आन जीप दारापातूर गाळात! निम्मा गाव काठावर. मालक काठी टेकत आलं आन सगळ्यांदेखत म्हणत्यात, "झाला का समुद्र बघून?" भरतनं ट्रॅक्टर लावून वढली. घरी आल्यावर मालक म्हणालं, "विषय संपला." मला रडू आलं व्हतं हो, पण ते मी कांद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सरळ ओतूरला, सोपान मिस्त्रीकडं. त्यानं सांगितलं, "काकू, टायरातली हवा कमी करा, ब्रेक मारू नका, आन थांबू नका." शेजारनं सरूबाई म्हणती, "एवढंच व्हय? मेंढरू चिखलात घातल्यावर बी थांबायचं नसतंच." लागोपाठ तीन दिस सराव. तिसऱ्या दिवशी आख्खा गाळ पार करून माघारी आलो, आन काठावर बघायला एक माणूस न्हाई. रुतताना गाव गोळा व्हतो, निघताना सगळ्यांला कामं असत्यात.

निघायच्या सकाळी बघते, तर मालक मागच्या शिटावर उशी घेऊन बसल्यालं. म्हणलं, "कुठं?" तर म्हणं, "गुडघ्याला गरम वाळूचा शेक बरा असतो." मी चढले आन चावी फिरवली.

पोचलो राव. डांबर संपलं, हवा सोडली, सरूबाईनं डॅशबोर्ड घट्ट धरला, आन न थांबता पार पाण्यापातूर! ती उतरली, चपला काढल्या, लुगडं खोचलं आन पाण्यात हुबी राहिली, किती तरी येळ. मी इचारलं, "दिसतंय का गं?" म्हणाली, "धुरकट दिसतंय. पण आवाज जुनाच हाय." मग माझा हात धरून मला पुढं नेलं, लाटंत. म्हणाली, "बघ, आणलं का न्हाई तुला?" मी हो म्हणलं. तिनंच आणलं की.

आन आता मालक पारावर बसून गावाला सांगत्यात, "दोघींना समुद्रावर घेऊन गेलो व्हतो." सांगू द्या. माळशेज घाट उतरल्यापासनं ते घोरत व्हतं... कोण कुणाला नेतंय, त्यांना तरी कसं कळावं?