देवाच्या पायाला लावलेला फोन

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. लेकराचं सगळं देवावर सोपवलं, की आईबाप मोकळे का? — अहो, लगेच माना काय डोलावता! आधी ऐका तर!

एक गाव. गावात भैरोबाचं देऊळ आणि देवळाचे गुरव म्हसूअण्णा. पहाटे झाडलोट, देवाचं स्नान, हार, नैवेद्य — एक दिवस खाडा नाही! कुणी नवसाची चिठ्ठी आणली, की अण्णा ती देवाच्या पायाला लावायचे आणि कोनाड्यात ठेवायचे. उघडायची नाही! भक्ताचं देवाशी बोलणं, गुरवानं मध्ये नाक कशाला खुपसायचं?

अण्णांची लेक जोगेश्वरी, आठवीत. शाळेनं काय केलं — पालकांच्या फोनवर ॲप टाकलं! गृहपाठ त्यात, गुण त्यात, बाईंचा निरोपही त्यात. निरोप वाचायचा आणि हिरवं बटण दाबायचं: ‘पाहिले’.

आता अण्णांची रीत बघा हं! फोन वाजला — टुण! अण्णा हात धुणार, बटण दाबणार आणि फोन घेऊन थेट गाभाऱ्यात! देवाच्या पायाला फोन लावायचा. ‘‘भैरोबा, पोरीच्या शाळेचं आलंय. तूच बघ बाबा!’’ झालं! वाचलं? छे! नवसाची चिठ्ठी कुठं वाचतात? — हसताय? तुम्ही तर देवालाही दाखवत नाही!

वर्ष सरत आलं. एक दिवस शाळेचा शिपाई देवळात हजर. ‘‘अण्णा, तुम्ही एकही निरोप चुकवला नाही. शंभरातले शंभर! पालकसभेत तुमचा सत्कार आहे.’’ अण्णा धुवट धोतर नेसून, देवाचा नारळ आणि लेकीला घेऊन निघाले. छाती अशी!

वर्गशिक्षिका ढवळेबाई. शाल घालता घालता सहज म्हणाल्या, ‘‘अण्णा, जोगूचा चष्मा झाला का हो?’’

‘‘कसला चष्मा?’’

बाईंनी फोन उघडला. एक निरोप जूनचा, एक दिवाळीनंतरचा, एक संक्रांतीचा. ‘जोगेश्वरीला फळ्यावरचं दिसत नाही. डोळे तपासून घ्या.’ तिन्हींपुढं हिरवी खूण! लेक गणितात नापासाच्या काठावर आणि बाप सत्काराला उभा!

‘‘अगं, तू तरी बोलायचंस!’’ अण्णा म्हणाले.

जोगूनं मान खाली घातली. ‘‘बाईंनी मला खूण दाखवली होती, अण्णा. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. चष्मेवाल्या पोरीला लोक नावं ठेवतात, म्हणून तुम्हाला नको असेल.’’

मंडळी, काय झालं असेल त्या बापाचं? लेक वर्षभर न दिसणाऱ्या फळ्यापुढं बसली — बापाचं मन राखायला! अण्णांनी शाल घडी करून परत दिली. ‘‘बाई, हे मला नको. पण आज तुम्ही तोंडानं विचारलंत, हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.’’

बाईंचेही डोळे भरले. ‘‘माझंही चुकलं, अण्णा. खूण दिसली की मी निवांत. देऊळ हाकेच्या अंतरावर, पण पाऊल उचललं नाही.’’

दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन डोळे तपासले. आठवड्यात चष्मा आला. तो लावून जोगू देवळात आली. तिथं बाईमाणसानं गाभाऱ्यात जायचं नाही, ही जुनी रीत — त्यावर मी बोललो तर विश्वस्त माझा माईक बंद करतील! पोर उंबऱ्याशी थांबली, आत बघितलं आणि ओरडली, ‘‘अण्णा! भैरोबा मिशीखाली हसतोय!’’

‘‘हसतोच तो, पोरी!’’

‘‘मला कधी दिसलंच नाही. मला वाटायचं, रागावलाय.’’

अण्णा तिथंच खाली बसले. रडले, हसले, हात जोडले — देवाला, बाईंना आणि त्या फोनलासुद्धा! का नाही जोडायचे? त्या बिचाऱ्यानं तर तीनदा हाक मारली होती!

आणि देव काय म्हणाला असेल? ‘‘म्हसू, ही लेक तुझ्या पदरात कुणी घातली? मीच ना? मग तिची चिठ्ठी परत माझ्याकडं कशाला आणतोस?’’

आता अण्णा निरोप मोठ्यानं वाचतात, जोगूला समोर बसवून. ‘‘हे खरं का गं?’’ म्हणतात. मगच बटण!

तर मायबापहो, तुमच्याही खिशात शाळेचा एखादा निरोप असेल. इथं उघडू नका, मला राग येतो! घरी जा, लेकराला जवळ घ्या, वाचा. ते गप्प असेल, तर सगळं ठीक आहे असं धरून चालू नका — विचारा! गप्प बसलेलं लेकरू कित्येकदा आपल्यालाच सांभाळत असतं. आणि विचारणारं माणूस भेटलं, तर पाय धरा त्याचे! म्हणा सगळे — भैरोबाच्या नावानं आणि त्या ढवळेबाईंच्याही नावानं — चांगभलं!