कोरफड समजून

(स्वयंपाकघर. ओट्यावर सुरी आणि वरून कापलेलं कुंडीतलं झाड.)

सून: आणि सुरीने कापलात, आई?

सासू: मग कशाने कापतात कोरफड? पण गर म्हणून निघेना. आत नुसती काकडी!

सून: निवडुंग आहे हो तो. यंदा कळी धरेल म्हणून डोळे लावून बसले होते मी.

सासू: अगं बाई! जाडजूड, काटेरी, पाणी न मागणारी. मला वाटलं, आपलीच ती.

सून: कोरफडीला पानं असतात, गराने भरलेली. काटे म्हणजे त्या पानांच्या कडेचे दात. याला पान आहे का एक तरी?

सासू: मग हे हिरवं काय?

सून: खोड. पाणी त्यातच साठवतो. पानांचे झाले काटे. बघा, प्रत्येक झुबका कसा कापसाच्या ठिपक्यातून फुटलाय.

सासू: दिसायला मात्र सख्ख्या बहिणी.

सून: छे! कोरफड कांद्या-लसणाच्या नात्यातली. पाणी जपून ठेवायची सवय तेवढी दोघींना.

सासू: मलाही आहे ती सवय. भांडी घासताना बघ कधी.

सून: विषय बदलू नका. गर कशाला हवा होता?

सासू: असाच.

सून: हात का लपवताय मागे? दाखवा. अहो, केवढा फोड हा!

सासू: कुकरची वाफ लागली जराशी.

सून: फोन नाही करायचा मला?

सासू: तू कामावर. उगाच कशाला धावपळ? तशी रविवारी धाकट्या लेकीकडे जातेच आहे मी. बॅगही भरली.

सून: राहायला आलात ना इथे? कोणी काही बोललं का?

सासू: नाही गं. बोलायच्या आत निघालेलं बरं.

सून: धन्य आहे तुमची! हात इकडे करा, मलम लावते.

सासू: हळू गं! झाड मेलं का?

सून: एवढ्याने मरतंय! वरचा तुकडा सावलीत सुकवायचा, मग मातीत खोचायचा. मुळं धरतो. खालचाही बाजूने फुटेल.

सासू: आठवड्यात?

सून: कसलं! बरेच महिने. आणि कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मला कुठे वेळ?

सासू: रोज पाणी घालायचं?

सून: अजिबात नाही! नुसतं बघायचं.

सासू: जमेल तेवढं.

सून: बघा बाई. रविवार तर आलाच.

सासू: धाकटीला तूच फोन लाव. माझ्या हाताला मलम आहे.