एकोणचाळीस झाडं आणि एक

— नाही नाही साहेब, खोडावरच्या पट्टीला बोट लावून बघा हवं तर, मी काय खोटं बोलतोय? डिसेंबरात या दोन हातांनी बांधलीय. कुठे फाटली नाही, सुटली नाही. बागेत दशहरी आंब्याची चाळीस झाडं आहेत, एकोणचाळिसांवर गुजिया औषधाला सापडायची नाही, आणि तुम्ही नेमके या चाळिसाव्यापाशीच येऊन उभे! हो, गुजियाच. तुम्ही बागायत खात्याचे लोक पुस्तकात पिठ्या ढेकूण म्हणा — आमच्या मलिहाबादेत होळीची करंजीही गुजिया आणि मोहोर पिणारी ही अवदसाही गुजिया. पांढरी, फुगलेली. हिला मारायचं कसं, ते मला विचारा. मे महिन्यात माद्या खोडावरून खाली उतरतात, बुंध्याभोवतीच्या आळ्यातल्या मातीत अंडी घालायला — जडावलेल्या, सुस्त. तेव्हा मी चप्पल काढून ठेवतो. का? टाचेखाली फुटलेली कळायला नको? थंडी पडली की फावड्यानं आळी खणायची, अंडी उघडी पाडायची, पाखरं टिपतात. तरी उरतात हरामखोर! जानेवारीत पिल्लं निघतात, खसखशीएवढी, आणि चढायला लागतात. पंख नाहीत, वर जायला खोड हाच रस्ता. म्हणून ही पट्टी — प्लास्टिकवर पाय घसरतो, ग्रीसमध्ये रुततात. मी उकिडवा बसून बघतो मरताना. बायको म्हणते, तुझ्यापेक्षा कसाई बरा. फक्त एक सांभाळायचं, खोडाला काही टेकता कामा नये. गवताची काडी पट्टीच्या वर टेकली तरी झाला पूल. एका मजुरानं काठी टेकवली होती, मुस्काट फोडलं मी त्याचं — काय? या खोडाला टेकलेलं फावडं? ते... राहिलंय. हात लावू नका म्हटलं ना!

बसा. चहा घ्या. खाटेवर पडलाय तो छुट्टन, माझा धाकटा भाऊ. बाग दोघांची. सलाम करू नका, त्याला बोलता येत नाही. झाडावरून पडला, जानेवारीत, धुकं एवढं होतं की — आं? जानेवारीत आंब्यावर कोण कशाला चढेल? चढला. फांदी बघायला. नाही, फळ नसतं तेव्हा, मोहोरही नसतो, मला शिकवता? त्यानंच इस्पितळात डाव्या हातानं लिहून दिलंय — पडलो. माझ्या भावानं लिहून दिलंय, आणि तुम्ही कोण विचारणारे?

...पट्ट्या कापत होता तो, साहेब. त्याला बाग मोडून प्लॉट पाडायचे होते. आंब्याचं हिरवं झाड तोडायला परवाना मिळत नाही, म्हणाला, बाग वाया गेलेली दिसली की मिळेल. म्हणजे गुजियाला वर सोडायचं, आपल्या हातानं! मी पहाटे आलो तर दोन झाडांच्या पट्ट्या लोंबत होत्या, आणि हा इथे, अब्बांनी लावलेल्या झाडापाशी, सुरी घेऊन. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती, माझा भाऊ होता तो. पण धुक्यात नुसती पाठ दिसत होती — पांढरी शाल, उकिडवी, खोडाला चिकटलेली. फावडं खांद्यावर होतंच. एकदा मारलं. नाही — दोनदा. मग ते खोडाला टेकवलं आणि त्याला उचलून पळत सुटलो.

दुसऱ्या दिवशी त्या दोन पट्ट्या नव्यानं बांधल्या. फावडं तसंच. रोज येतो, रोज बघतो. दांड्यावरून पिल्लं चढताना बघितली मी, दोन महिने, हा मी! उचलायला हात पुढे जातो आणि ते वजन पुन्हा मुठीत येतं. नाही उचलवत. परवा शेजारच्या अवस्थींकडून होळीची गुजिया आली. छुट्टनला चावता येत नाही, म्हणून मी बोटांनी चिरडून भरवली. खाल्ली त्यानं. पण सगळा वेळ माझ्या बोटांकडेच बघत होता, साहेब.

तुम्ही लिहा, पट्टी सैल बांधली होती. लिहा, म्हाताऱ्याची चूक. उठलात? तिकडे कुठे? ते फावडं कशाला उचलता — ठेवा! खाली ठेवा! — छुट्टन, छुट्टन, अरे डोक्यावरचा हात काढ. मी नाही रे. माझ्या हातात काही नाही, हे बघ, साहेबांच्या हातात आहे ते. बघ ना माझ्याकडे... — निघा तुम्ही, साहेब.