पाटीवरचे तीन आकडे

नाही, चेअरमन घरी नाहीत — आणि तुम्ही तर उद्या येणार होता ना, मॅडम? हिशेब तपासायला कंपालाहून येणारं माणूस एक दिवस आधी पोचतं हे मी जन्मात पहिल्यांदा बघतोय, एरवी तीन-तीन वर्षं उशीर. बसा, ते स्टूल घ्या. पाटीला टेकू नका फक्त, रंग ओला आहे. चेअरमन म्हणजे ओकुरुट, माझा बाप — पाणी कमिटीवर बारा वर्षं तोच, दुसरं कुणी उभंच राहत नाही. का? कारण गावातले सगळे म्हातारे त्याच्या मडक्यातली अजोन पितात. मधोमध एक मडकं, भोवती बारा म्हातारे, प्रत्येकाची काठीएवढी लांब नळी त्यात, आणि ज्याची दारू त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार? तोंडात नळी असते ना.

हापसा? तो काय, तुमच्या मागेच. हाणा की दांडा — हाणा, लाजता काय — बघा, नुसता कण्हतो. तीन आठवडे आलं पाणी, तेही चहाच्या रंगाचं, मग तेही आटलं. माझी आई अजून उजाडायच्या आत दलदलीवर जाते, पिवळा कॅन डोक्यावर घेऊन, गुरं उतरतात त्याच पाण्यात. गेल्या साली टायफॉइडनं दोन महिने आडवी होती. तो खर्च कुठल्या फायलीत आहे, सांगा? नाही सापडायचा. पाईप मात्र सापडतील — चोवीस पाईप, बहात्तर मीटर, असंच आहे ना तुमच्याकडे? मी खांद्यावरून वाहिलेत ते पाईप. अकरा होते. अकरा त्रिक तेहतीस. मला शाळेतून काढलं असेल, पण पाढे नाही काढून घेतले.

आणि ही पाटी. सरकारी नियम आहे म्हणे, कामाचा खर्च पाटीवर लिहायचा, लोकांना कळावा म्हणून. लोकांना काय कळतं ते सोडा, पण ही पाटी तीन वर्षं मीच रंगवतोय. पहिल्यांदा लिहिलं दोन कोटी वीस लाख शिलिंग. सहा महिन्यांनी बाप आला — अरे, खडक लागला होता, फायलीत वाढीव खर्च धरलाय, दोन कोटी सत्तर कर. खडक! इथं वाळू आहे, मॅडम, मुतलं तरी खड्डा पडतो — माफ करा. आणि आज सकाळी म्हणतो, तीन कोटी चाळीस, सूर्य मावळायच्या आत, उद्या बाई येणार आहेत. जुन्यावर रंगाचा हात मारून झालाय, आकडा लिहायचा राहिलाय. फाईल बदलली की पाटी बदलायची. आता म्हाताऱ्यांना एवढी अक्कल नाही, की फायलीतला कागद काढून दुसरा लावता येतो, पाटीवरचा आकडा कुठं जातो? तो तिथंच राहतो, वर नुसता रंग चढतो. हे बघा, नखानं खरवडतो — दिसला निळा? हा सत्तरचा. त्याच्याखाली काळा, तो वीसचा. तुमच्या कचेरीत तरी आहे का असं दप्तर?

मजुरी? हां, मजुरीची तर गंमतच. बेचाळीस मजूर दाखवलेत खोदाईला. मशीन आलं होतं, मॅडम, मशीन! दीड दिवसात काम करून गेलं, आणि ड्रायव्हरनं आमची कोंबडी खाल्ली ती वेगळीच. पण मस्टरवर बेचाळीस नावं हवीत आणि बेचाळीस अंगठे. नावं बापानं सांगितली — माझी मेलेली आजी पण होती, बिचारीनं जन्मात फावडं धरलं नाही, मेल्यावर सव्वीस दिवस खणत होती. आणि अंगठे? सतरा वर्षांचा होतो मी. तो म्हणाला, तुला बोटं किती? दहा. मग एकेका बोटाला चार-चार माणसं. चाळीस झाली. दोन उरली, तर म्हणतो, चप्पल काढ. पायाचे दोन्ही अंगठे शाईत बुडवले, आणि मडक्याभोवतीचे बाराही म्हातारे असे हसले, असे हसले, की एकाला ठसका लागून नळीच निसटली. मीही हसलो. हसलोच की. बापानं पहिल्यांदाच मला त्यांच्यात बसवलं होतं.

त्या साली माझी परीक्षेची फी भरली नाही त्यानं. हा डबा आणि दोन ब्रश आणून दिले — म्हणे, तुझं अक्षर चांगलं आहे.

ते काय काढताय? मस्टर आहे का ते — आणलंत बरोबर? बघा, शेवटच्या पानावरचे दोन, केवढे मोठे आहेत, असा अंगठा कुणा माणसाच्या हाताला असतो का — माझ्या पायाकडे काय बघताय? मी त्याचं सांगतोय, तुम्ही माझं काय बघताय? खालची सही? ती मजुरी वाटणाऱ्याची. कुणाचं नाव आहे? परत वाचा.

हो. एलुंगात. मीच. अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला सांगितलं होतं, वाटणाऱ्याच्या जागी एक नाव लागतं म्हणाला, लिही तुझंच.

आणि त्याची सही? चेअरमनची — पाईपांच्या बिलावर? वाढीव खर्चावर? बघा ना नीट. मागची पानं बघा. नुसता कमिटीचा शिक्का?

शिक्का कुणीही मारतं.

तरीच सकाळी नवा शर्ट घालून सोरोटीला गेला. मला वाटलं, बैल बघायला. जाताना म्हणाला, बाईंना काही विचारायचं असलं तर तू आहेसच की.

आई येईल आता दुसऱ्या खेपेचा कॅन घेऊन. तिच्यासमोर नको. लिहून घेतलंत ना सगळं? माझं नाव लिहिलंत, त्याचं नाही लिहिता येत — कागद नाही म्हणून. कळलं.

उठा, मॅडम, स्टूल द्या. नाही, तीन कोटी चाळीस नाही लिहीत. त्याचा कागद नसेल, पाटी आहे. हा रंग वाळायच्या आत मला काळ्यापर्यंत खरवडायचंय. उठा म्हटलं ना.