टेसाचा लिफाफा

गेला गं, डोरीन, शुक्रवारीच गेला तुझ्या टेसाचा लिफाफा — वीस वर्षं या शाळेच्या कचेरीत बसतेय, सहामाहीचे गुण कॉलेजला पाठवायला मी विसरेन का? बूट झटक आणि बस जरा, बाहेर बर्फ बघ किती साचलंय. कॉफी ओतू? काळजी तू कशाला करतेस, काळजी आम्ही करायची. डिसेंबरात आपल्या दोघींच्या पोरींना कॉलेजचं सारखंच पत्र आलं ना — घेतलंही नाही, नाकारलंही नाही, मार्चपर्यंत थांबा — आणि आपल्या गावातून दोन मुली घेतल्यात त्यांनी कधी? एकच घेतात. म्हणून माझी क्लारा बघ, तेव्हापासून चार पत्रं लिहिली तिनं, की मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय. बसनं दोनदा जाऊन आली, तिथल्या वहीत दोन्ही वेळा नाव लिहून आली — आपण येऊन गेलो हे त्यांना कळायला नको? मी मेपलच्या पाकाची बाटली पाठवली. ती परत आली, आभाराच्या चिठ्ठीसकट. हस, हस, मीही हसले. नंतर.

आणि तुझी टेसा? एक पोस्टकार्ड. मंगळवारी कॉलेजात प्रवेशाचं बघणाऱ्या बाईंचा फोन आला — मला वाटलं क्लारासाठीच, उठून उभी राहिले मी, खरंच — तर त्या मला टेसाचं कार्ड वाचून दाखवतायत. ही जिच्यावर मदतीला जाते ती फिरत्या वाचनालयाची गाडी बर्फात रुतली, मग म्हाताऱ्या मॅकआर्डलच्या गोठ्यात बसून हिनं त्याला अर्धी कादंबरी वाचून दाखवली, आणि खाली एवढंच, की अजून यायचंय. बाई म्हणतात, त्या मुलीचे गुण अजून पोचले नाहीत हो. मी म्हटलं, आणि आमची क्लारा? तर म्हणाल्या, कोण? चार पत्रं, डोरीन. लहानपणापासून हेच — नाताळच्या नाटकात टेसा मेरी, क्लारा मेंढी, आणि कपडे शिवायचे मी, तुझ्या पोरीचेसुद्धा. कधी काही बोलले? मनात तसं काही नाहीच माझ्या, टेसाचं चांगलंच व्हावं. रसायनात शहाण्णव, वर सरांनी दोन पानं कौतुक लिहून जोडलंय, म्हणून तर जड झालाय तो, आज सकाळीसुद्धा काट्यावर ठेवून बघितला, एक तिकीट जास्तीचं लागतं —

अशी बघू नकोस.



खालच्या खणात आहे, माझ्या स्वेटरखाली. तिकिटं लावलीयत, तेव्हाच लावली होती, फक्त — सोमवारपर्यंत पोचला तरी चालतो, विचारून घेतलंय मी. टपालाची गाडी चारला येते, ती बघ, वळतेय. माझ्या हातात देऊ नकोस, तूच नेऊन दे टपालवाल्याला. क्लाराला यातलं काही ठाऊक नाही.

जा आता, डोरीन. मला कचेरीची खिडकी बंद करायचीय.