फोडणी बंद, सायलेन्सर चालू

"हॅलो? हो उर्वी, बोल… नाही गं, वर कुठली येते एवढ्यात! खालीच आहे, गाडीपाशी. अनिमेषला फोन दे आधी… आंघोळीला? आत्ता? बरं, मग तूच ऐक. बसून ऐक."

उर्वी तिसऱ्या मजल्यावर, तिची नणंद कादंबरी खाली अंगणात. गिरगावातल्या त्या इमारतीत जिने चढण्यापेक्षा फोन करणं केव्हाच रूढ झालं होतं. कादंबरी दादरहून भावाची, म्हणजे अनिमेषची, जुनी डिझेल गाडी विकत घ्यायला आली होती. घरचीच गाडी, तीत बघायचं काय, असं सगळे म्हणत होते. तरी तिने घोडपदेवच्या मेकॅनिक कुशाबांना सोबत आणलं, आणि गेली वीस मिनिटं कुशाबांचे फक्त पाय दिसत होते.

"अगं, त्या गाडीत फिल्टरच नाहीये!… एसीचा नाही गं, धुराचा. डिझेलची काजळी अडवतो तो… हो, डबा आहे. डबा जागच्या जागी, आतला ऐवज गायब. कुशाबांनी पान्याने वाजवून दाखवला, रिकाम्या पिंपासारखा वाजतो… चोरी कसली! चोर परत वेल्डिंग करून वर रंग मारून जातो का?… कशावरून म्हणजे? सायलेन्सरच्या नळीत मी स्वतः बोट घातलं. फिल्टर असता तर बोट स्वच्छ निघालं असतं. आता लिंबाने घासत बसणार मी… अगं, घेण्या-न घेण्याचं राहू दे! अप्पांच्या खोकल्याचं बोलतेय!"

अप्पा, म्हणजे कादंबरीचे वडील, दोन वर्षं खोकत होते. घरातला धूर बंद करा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा उर्वीने आधी उदबत्ती बंद केली, मग डासांची कॉइल आणि शेवटी फोडणी. वर्षभर ते घर बिनफोडणीचं वरण निष्ठेने गिळत होतं. खोकला तसूभर हलला नव्हता.

"हो, हो… अगं ऐक ना. रोज सकाळी गाडी मागे घेताना 'येऊ दे, येऊ दे' कोण करतं?… आणि उभे कुठे राहतात?… बरोब्बर. सायलेन्सरच्या तोंडाशी. आणि तू मोहरी कोंडून ठेवलीस!… नाही गं, तुला नाही बोलत. रडू नकोस… अनिमेषलाच विचारते मी. सख्ख्या बापाच्या नाकाशी असली गाडी… काय? त्याने नाही केलं? मग काय मी केलं?… कोणी?… परत बोल."

कादंबरी बोनेटवर टेकली. पत्रा उन्हाने चांगलाच तापला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"अप्पांनी?"

अप्पा वीज कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. उगाच जळणारा दिवा त्यांना सहन होत नसे. पाहुणा न्हाणीघरात असला तरी ते बाहेरून बटण बंद करत आणि पाहुण्याने आतून आरडाओरडा केला की "मग बोलायचं ना!" असं म्हणत.

"कुठला पिवळा दिवा?… वेगाच्या काट्याशेजारचा? अगं, तो लागणारच! गिरगाव ते परळ, परळ ते गिरगाव, अशी रांगत गेली गाडी तर काजळी साचतेच. अर्धा तास हायवेला पळवली असती तर काजळी जळून दिवा आपोआप विझला असता… 'उगाच जळतोय' म्हणाले? तुझ्यासमोर?… आणि अनिमेष गावाला असताना एकटेच घेऊन गेले भायखळ्याला… आणि गॅरेजवाला म्हणाला, डब्यातला फिल्टरच काढतो, दिवा पुन्हा लागणार नाही… आणि अप्पा 'काढा' म्हणाले. अरे देवा… दिवा विझला म्हणून पेढे आणले? तुम्ही खाल्लेत?… हो, तुम्हाला काय कळणार म्हणा. पेढ्यावर थोडंच लिहिलं होतं!"

दोन वर्षं. स्वतःच्या हाताने. कादंबरीने काळं बोट नकळत कपाळाला लावलं.

"ऐक, त्यांना एवढ्यात सांगू नकोस. खचतील… मी बोलते, मी. फोन दे त्यांना… नाहीत? कुठे गेले?… खाली? 'मेकॅनिक गाडी काढेल, मागे कोणीतरी हवं', असं म्हणून?"

तिने वळून पाहिलं. कुशाबा गाडीखालून निघून कधीच आत जाऊन बसले होते. इंजिन घरघरलं. गाडीच्या मागे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात उंचावून अप्पा उभे होते.

"येऊ दे, येऊ दे…" आणि खोकला.

"अप्पा, बाजूला व्हा! कुशाबा, बंद करा ती! अप्पा!… ऐकतच नाहीत गं. हात हलवून मलाच बाजूला हो म्हणतायत!"

काळा लोट शर्टापर्यंत आला. कादंबरीने फोन कानाला तसाच धरून आवाज चढवला.

"अप्पा! गाडीत दिवा जळतोय! उगाचच!"

अप्पा तरातरा पुढे आले.

"…हो, आले, आले. हात धरलाय मी त्यांचा… उर्वी, मी त्यांना वर घेऊन येते. तू गॅस पेटव आणि वरणाला फोडणी दे… हो, आत्ता. मोहरी तडतडू दे चांगली. ठेवते."