भरीत आणि गायब झालेली आई

परवाची गंमत ऐका. जळगावात आम्ही सगळे सिनेमाला गेलो. त्यात मुलांना आईची किंमत नसते, म्हणून ती जादूनं गायब होते. आमची मुलगी आणि मुलगा ढसाढसा रडले. घरी येताच म्हणाले, "आई, तू बस. आज भरीत आम्ही करणार."

वांगी न टोचताच गॅसवर ठेवली. फट्! अर्धं वांगं छताला, अर्धं मुलाच्या केसांत.

"आई, लवकर ये ना!"

ही झोपाळ्यावरून हललीसुद्धा नाही. "का रे, सिनेमातली आई परत कधी आली?"

"एकदम शेवटी."

"मग मीही शेवटीच येते. ओटा पुसून, भांडी घासून झाली की हाक मारा."

मला हसू आवरेना.

ही माझ्याकडे वळली. "हसताय काय? तुम्ही उंच आहात. छत तुमच्याकडे."